खाडीतला एकमेव परवानाधारक

गच्चीवर कपडे वाळत घालायला मी लेखी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. कारण असं, की अर्जात नुसतं ‘कपडे’ म्हटलं होतं, कोणाचे ते लिहिलं नव्हतं. आमच्या घरमालकांनी अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘त्रुटी’ असं लिहून तो माझ्या दाराखालून आत सरकवला. मी तेव्हा मिरजोळ्याच्या एका कोळंबी कारखान्यात, प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. मूळची संगमेश्वरकडची, डोंगरातली. रत्नागिरीत ओळखीचं कुत्रं नव्हतं. ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी तशीच खाली गेले. म्हटलं, काका, वरच्या खोलीत मी एकटीच राहते, कपडे दुसऱ्या कोणाचे असणार?

“ते मला माहीत आहे गो,” ते शांतपणे म्हणाले. “पण अर्जाला कुठे माहीत आहे?”

काकू आतून आल्या, माझ्या हातातून बादली घेतली, वर गेल्या आणि कपडे वाळत घालून खाली आल्या. त्या घरातली सगळी कामं अशीच व्हायची. काका एखादी गोष्ट विचाराधीन ठेवायचे आणि तोवर काकू ती उरकून मोकळ्या व्हायच्या. दोघांचा संसार याच पद्धतीवर इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता.

काकांनी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि पुढे पाठवायचा. कागदात काय लिहिलंय हे वाचायचं त्यांचं काम नव्हतं, आणि आपलं काम नाही ते त्यांनी कधी केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा टेबल सुटलं, सवय सुटली नाही. शेजारच्या आंब्याची एक फांदी आमच्या आवारात आली होती. तिचे पडलेले आंबे काका रोज सकाळी गोळा करून शेजाऱ्याला नेऊन देत आणि पोच म्हणून त्याची सही घेऊन येत. शेजारी बिचारा म्हणायचा, काका, ठेवा ओ तुम्हालाच. काका म्हणायचे, तसं असेल तर तसं लिहून दे. त्या भानगडीत पडण्यापेक्षा आंबे परत घेणं त्याला सोपं वाटायचं. एसटीचं तिकीट ते घरी पोचल्यावरही खिशात जपून ठेवत. मी एकदा विचारलं, आता कोण तपासणार? तर म्हणाले, न तपासणं हा त्यांचा प्रश्न आहे.

अशा माणसाने घरात बसून रेडिओ ऐकावा, नातवंडांना पाढे शिकवावेत. पण सरकारने कुठेतरी एक शिबिर भरवलं, पडद्यावर कोळंबीची चित्रं दाखवली, चहासोबत बिस्किटं दिली आणि सांगितलं, की किनाऱ्याच्या शेतकऱ्यांनी कोळंबीची शेती करावी. काका शिबिरातून घरी आले ते कोळंबीचे शेतकरी होऊनच. सरकारने सांगितलंय म्हटल्यावर त्यात बुडण्याची भीती त्यांना वाटणंच शक्य नव्हतं.

खाडीच्या काठाला त्यांचं वडिलोपार्जित खाजण होतं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन. तिच्यात भात धड होत नाही आणि ती विकायला काढली तर कोणी घेत नाही. तिला लागूनच सदाचं खाजण. सदा खारवी, वाडवडिलांपासून होडीवर पोट भरणारा. पण होडीवर भागेनासं झालं तेव्हा त्याने जेसीबी आणला, बांध घातला, मोटर लावून खाडीचं पाणी आत घेतलं आणि कोळंबीचं बीज सोडून मोकळा झाला. त्या खाडीवर सगळ्यांची तीच रीत होती. आधी बीज सोडायचं. कोणी विचारायला आलं तर त्याला चहा पाजायचा, आणि पुढचं पुढे. काठावर अशा तलावांची रांगच लागली होती. दिवसभर पाणी घुसळणाऱ्या चाकांचा असा घरघराट चालायचा, की पलीकडच्या तीरावरून हाक ऐकू येत नसे. हा घरघराट ऐकू येत नव्हता तो फक्त परवाना देणाऱ्या कार्यालयाला.

काकांनी मात्र परवाना काढायचं ठरवलं. जमिनीचा दाखला, ग्रामपंचायतीची हरकत नसल्याचा दाखला, भरतीची रेषा किती लांब, पिण्याची विहीर किती लांब, सांडपाणी कुठे सोडणार, बीज कुठून आणणार, हे सगळं त्यांनी आनंदाने जमवलं. दुसऱ्याला ज्या कामाने ताप चढेल त्याने काकांचा रंग उजळायचा. अडलं ते पाहणीपाशी. पाहणीला यायचं तर तलावात पाणी हवं, नाहीतर पाहणार काय, असं कार्यालयाचं म्हणणं. आणि पाणी घ्यायचं तर आधी परवाना हवा, असं त्याच कार्यालयाचं दुसरं म्हणणं. दुसरा कोणी असता तर डोकं आपटून घेतलं असतं. काका म्हणाले, दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. मग पावसाळा आला आणि तलाव आपोआप भरला. पावसाच्या पाण्याला परवाना लागत नाही याची काकांनी आधी खात्री करून घेतली आणि मगच साहेबांना पाहणीला बोलावलं.

साहेब आले, पण तोवर आणखी एक भानगड उगवली होती, आणि इथे उगवली हा शब्द मी अगदी सरळ अर्थाने वापरतेय. तलाव रिकामा पडला होता तेवढ्या काळात भरतीबरोबर वाहत आलेली एक कांदळाची, म्हणजे खारफुटीची, शेंग चिखलात रुतली आणि तिला दोन पानं फुटली. कांदळ तोडणं गुन्हा. सदा रोज बांधावरून जाताना सांगायचा, “काका, उपटून टाका वो. एका हाताचं काम. कोण बघतोय हितं?” काकांनी त्याऐवजी कार्यालयाला पत्र लिहून विचारलं, की दोन पानांच्या रोपाला कांदळवन म्हणावं काय, आणि हाताने उपटणं याला तोडणं म्हणावं काय. उत्तर आलं नाही. उत्तर येईपर्यंत रोपाला बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून काकांनी भोवती जाळं लावलं. रोप जोमाने वाढलं. सरकारी बागेतल्या झाडाची एवढी निगा मी कुठे पाहिली नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी ते गुडघाभर झालेलं रोप बघितलं आणि मान हलवून म्हणाले, इथे कांदळवन आहे, परवाना देता येणार नाही. तेव्हा काकांनी तलावाचा तो अख्खा कोपरा बाहेर काढला, रोपाच्या अलीकडून नवा बांध घातला आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला. काकूंनी त्या दिवशी रागाने स्वयंपाक केला नाही. मला म्हणाल्या, “ह्या मानसानं माज्याशी लगीन तरी कसं केलान, कोनाला इचारून?”

अखेर परवाना मिळाला. काकांनी तो चौकटीत बसवून देवघराशेजारी लावला आणि आळीत पेढे वाटले. बीज सरकारमान्य ठिकाणाहून तपासणी करून आणलं. पाणी आधी वेगळ्या खड्ड्यात घ्यायचं, त्यात ब्लीचिंग टाकायचं, ते निवळलं की मगच तलावात सोडायचं, असा नियम होता. तो पाळणारा अख्ख्या खाडीत हा एकच माणूस. आणि बांधावर त्यांनी एक बोर्ड लावला, ‘परवानाधारक कोळंबी संवर्धन’ असा, पांढऱ्यावर निळा.

हा बोर्ड हीच सगळ्यात मोठी घोडचूक होती, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्याला ज्याला खाडीत काहीतरी तपासायचं असे तो बोर्ड बघून काकांकडे वळायचा. पाणी तपासणारे आले, औषधं तपासणारे आले, वीज कुठली वापरता ते बघायला आले, एकदा तर कोणी डासांच्या अळ्या शोधायला आले. यांच्या जीपा सदाच्या बांधावर उभ्या राहत, कारण त्याचा बांध रुंद. चहाही सदाच्या खोपीत व्हायचा. मग चालत काकांकडे येऊन साहेब लोक प्रश्न विचारत, आणि सदाची चाकं एवढी गरगरत असत, की प्रश्न ओरडून विचारावा लागे. त्या चाकांकडे एकानेही मान वळवून बघितलं नाही. मी एकदा काकांना म्हटलं, तुम्हालाच का छळतात हे? ते अभिमानाने म्हणाले, “आपली नोंद आहे म्हणून येतात. ज्याची नोंदच नाही त्याच्याकडे कोण आणि कसा येणार?”

कोळंबी मात्र छान वाढत होती. काका रोज संध्याकाळी जाळीतून चार काढून बघायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं कार्यालय पार नाहीसं व्हायचं. त्यांच्या पेन्शनीतले साठवलेले आणि काकूंच्या बांगड्यांतले सगळे पैसे त्या पाण्यात होते. अशा वेळी मला ते फार आवडायचे, हे सांगितलंच पाहिजे.

मग पलीकडे सदाच्या तलावात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. तो माणसाला बाधत नाही, पण कोळंबी बघता बघता साफ करतो. सदाने जे सगळे करतात तेच केलं. ठिपका दिसताच सगळी कोळंबी जाळ्यात ओढली, बारीक होती तरी आमच्याच कारखान्याला घातली आणि बांधाच्या तोंडाची फळी, म्हणजे फाळका, उचलून तलावाचं पाणी खाडीत सोडलं. काकांचा ब्लीचिंगचा खड्डा खाडीच्या पाण्याला पुरून उरला असता. पण सदाच्या बांधावर पडलेली मेलेली कोळंबी कावळ्यांनी उचलली आणि खाता खाता काकांच्या तलावात टाकली. कावळ्यांसाठी नियमात काहीच तरतूद नव्हती.

काका प्लास्टिकच्या डब्यात कोळंबी घेऊन माझ्याकडे आले. मी कारखान्यातल्या यंत्रावर तपासली. मी लगेच फोन करून सांगितलं, काका, रोग आहे, पण आत्ताच लागलाय. उद्या सकाळी जाळं ओढा, मी गाडी पाठवायला सांगते, कारखाना घेईल, घातलेले पैसे तरी निघतील. काकूंनी तर सदाला सांगून माणसं आणि जाळं तयारही ठेवलं. या वेळी मात्र काका आडवे आले. परवान्यातल्या अटींत लिहिलं होतं, की रोग आढळल्यास तात्काळ कळवावं आणि अधिकारी पाहणी करेपर्यंत तलावातून काहीही बाहेर काढू नये. काकूंनी समजावलं, मग भांडल्या, मग रडल्या. मीही बोलायचं ते सगळं बोलले. काका म्हणाले, “सरकारला शब्द दिलाय गो. सही आहे माझी त्याखाली.”

त्यांनी कळवलं. कार्यालयाने पोच दिली. अधिकारी आले नाहीत, कारण ते पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते. प्रशिक्षण कोळंबीचे रोग वेळीच कसे रोखावेत या विषयावर होतं. हे मी रचून सांगत नाही. एवढं रचायला मला सुचलंही नसतं. काका रोज बांधावर जाऊन बसायचे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कोळंबी काठाला येऊन मरायची. वाऱ्यावर वास घरापर्यंत येत नव्हता, पण त्यांच्या कपड्यांना यायचा. अधिकारी परतले तेव्हा काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुना टाकून सगळं पुरा, असा हुकूम देऊन ते गेले, आणि काकांनी तेही नियमाप्रमाणे केलं.

यावर प्रकरण मिटेल असं आम्हाला वाटलं होतं. पण कार्यालयाची नोटीस आली. आपल्या तलावामुळे खाडीत रोग पसरला असून आपला परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा समक्ष येऊन करावा. तपासणी मी केली म्हणून काकांनी मलाही सोबत नेलं. साहेब वयाने लहान, बोलायला अगदी गोड. त्यांनी आम्हाला बसवलं आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून नकाशा दाखवला. त्यात आमची खाडी निळी होती आणि तिच्या काठाला एकच लाल ठिपका होता.

“काका, तुम्हीच सांगा,” साहेब म्हणाले. “खाडीत तलाव एकच. रोग आला. मग तो कुठून आला असेल?”

मी काकांकडे बघितलं. आता तरी हा माणूस चिडेल, टेबलावर हात आपटेल, असं मला वाटलं. काका चष्मा सरकवून नकाशा न्याहाळत होते. आवक-जावकच्या टेबलावर जसा एखादा बिनचूक कागद यावा तसे ते त्याकडे बघत होते.

“नोंदीप्रमाणे बरोबर आहे,” ते म्हणाले.

माझा ताबा सुटला. मी म्हटलं, साहेब, तुमची जीप दर वेळी ज्या बांधावर उभी असते तो कोणाच्या तलावाचा आहे? साहेब जराही गडबडले नाहीत. हसून म्हणाले, मॅडम, असे तलाव असतील तर त्यांची नावं काकांनी लिहून द्यावीत, आम्ही कारवाई करू. मग रोग बाहेरून आला असं म्हणायला जागा राहील आणि काकांच्या परवान्याचंही बघता येईल. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि स्वतःचं पेन त्यावर ठेवलं.

आता प्रश्न एवढाच होता, की काकांचा परवाना जाणार की सदाचा तलाव. चौकटीतला तो परवाना म्हणजे काकांचा जीव, हे मला माहीत होतं, आणि लिहून देणं ही तर त्यांची जन्माची आवड. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं. मी सदाचं पूर्ण नाव पुटपुटलेसुद्धा. काकांनी टोपण पुन्हा लावलं आणि पेन नीट पहिल्या जागी ठेवलं.

“दुसऱ्याच्या जागेची पाहणी करायचा अधिकार मला नाही,” ते म्हणाले. “तो आपल्या कार्यालयाला आहे. माझ्या हद्दीबाहेरचं मी कशाच्या आधारावर लिहू?”

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. साहेबांनी विचारलं, का हो, डोळ्यांना दिसतं ना? काका म्हणाले, दिसतं, पण दिसण्यावर कोणी शिक्का मारत नाही. आम्ही उठलो. रिक्षात मी त्यांना विचारलं, सदाला वाचवायचं म्हणून गप्प बसलात ना? ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मीच वेडी. सदाचा इथे काय संबंध, म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून आठवलं की येतो. एवढा भला माणूस एवढा गाढव असू नये.

परवाना रद्द झाला. मूळ प्रत परत करायची होती. काकांनी चौकट खाली काढली, पंचाने काच पुसली, मागचे खिळे एकेक करून काढले आणि परवाना पाकिटात घालून स्वतः नेऊन दिला. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. सदा आला होता. दारात उभा राहून काकूंना म्हणाला, “काकांनी माजं नाव घेतलान नाय,” आणि तसाच पायरीवरून मागे फिरला. काका आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत.

नंतर कळलं, की कार्यालयाने आमची खाडी रोगमुक्त झाल्याचा अहवाल वर पाठवला. नकाशावरचा लाल ठिपका पुसला गेला होता. खाडीत तलावच नाही म्हटल्यावर रोग राहणार कुठे?

पुढच्या हंगामात काकूंनी पदर खोचला. सदाने मोटर दिली, बीज उधारीवर आणून दिलं आणि बांधावरचा बोर्ड काढून टाकला. बाकी काही करावं लागलं नाही. बोर्ड नाही म्हटल्यावर वाकडी वाट करून कोणी आलं नाही, ना पाणी तपासायला, ना अळ्या शोधायला. कोळंबी अशी पिकली, की सदा म्हणाला, या खाडीत एवढी मोठी बघितली नव्हती. काकांनी त्या बांधावर पाऊल ठेवलं नाही. त्यांच्या हिशेबी ती जागा आता रिकामी होती. घरात कोळंबीचं कालवण झालं की विचारायचे, कुठली? काकू म्हणायच्या, बाजारातली. मग जेवायचे, आणि भात पुन्हा मागून घ्यायचे.

मी तोवर दुसरीकडे राहायला गेले होते, तरी सुट्टीच्या दिवशी जायची. अशाच एका रविवारी मी काकूंजवळ माजघराच्या उंबऱ्याशी कोळंबी सोलत बसले होते. दारात जीप थांबली. तेच गोड बोलणारे साहेब, घरच्या कपड्यांत, हातात कापडी पिशवी. पुढच्या पडवीत काका पेपर वाचत होते. साहेबांनी नमस्कार केला, तब्येत विचारली, पावसाचं बोलणं झालं. मग जरा घुटमळून म्हणाले, घरी पाहुणे आलेत, तुमच्या तलावातली कोळंबी यंदा फार गोड आहे असं सगळे म्हणतात, दोनेक किलो मिळाली तर बरं होईल.

काकांनी पेपर खाली ठेवला.

“कुठल्या तलावातली?” त्यांनी विचारलं.

साहेब हसले. म्हणाले, अहो, तुमच्याच. तो खाडीकाठचा.

“त्या खाडीत तलाव नाही साहेब,” काका म्हणाले. “आपल्याच कार्यालयाचा अहवाल आहे.”

साहेब हसत राहिले, पण त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. आत आमच्या हातात सोललेल्या कोळंबीची ताटली होती आणि तिचा वास घरभर सुटला होता. काकूंनी उठायला घेतलं, मी त्यांचा हात धरला. काकांच्या चेहऱ्यावर टोमणा मारल्याची खूण कुठेच नव्हती. बोलणं संपलं असं समजून त्यांनी पेपर पुन्हा उचलला. साहेबांनी रिकाम्या पिशवीची घडी केली, ती खिशात कोंबली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

जीप वळणाआड जाते न जाते तोच काकू बाहेर धावल्या. साहेबाला दारातून रित्या हाती घालवलंत, उद्या तोच खाडीवर येऊन उभा राहिला तर काय करायचं, जरा म्हणून अक्कल नाही, असं बरंच काही बोलल्या.

काका खरोखर गोंधळले होते. त्यांनी आधी काकूंकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“मग काय करू?” ते म्हणाले. “सरकारी माणसाला खोटं सांगू?”